हुंगून घेतलेले डबे

२१ जून, सोमवार

गिरणी उघडली. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून थोडा वेळ थांबलो तेव्हा निघालं. लॉकडाऊनमध्ये सकाळची सूट होती, पण बाबा आणि मी दोघेही आजारी, त्यामुळे आमचं शटर खालीच राहिलं. बाबा आदिलाबादच्या दवाखान्यातून घरी आले, पण दम लागतो. डॉक्टरांनी पिठाच्या धुळीत जाऊ नका म्हटलंय, असं ते सांगतात. म्हणून आता मी एकटा.

दगडांना छिन्नीने टोचून नवी टाकी लावून घेतली होती. टाकीनंतरचं पहिलं दळण कचकचीत निघतं, ते गुरांना घालतात. ते आपल्याच घरचं घालावं लागतं, दुसरं कोण देणार. पण पंचफुला मावशी आपली ज्वारी घेऊन आली. ती चौरस्त्यावर संध्याकाळी भाकरी थापून लॉरीवाल्यांना विकते. तिचीही चूल लॉकडाऊनपासून बंद. म्हणाली, "माही टाक पहिली. तुही गिरणी चालन तवाच माही चूल पेटन."

मी डबा उघडला. बाबा करतात तसं केलं. मास्क खाली, वाकायचं, झाकण नाकाजवळ, मग धान्य.

वास नाही. ज्वारीचा नाही, पत्र्याचा नाही, कशाचाच नाही.

म्हणालो, चालते.

(पुढे नुसतं वा. ना. लिहीन. वही कोणाच्या हाती पडली तर.)

माणसांनी अंतरावर उभं राहावं म्हणून दारापुढे चुन्याचे गोल काढले होते. लोकांनी गोलांत डबे ठेवले आणि स्वतः कडुनिंबाखाली एकमेकांना खेटून बसले. आमच्याकडे रांग डब्यांचीच असते हे मला माहीत होतं, तरी गोल काढताना लक्षात आलं नाही. डब्यांनी मात्र अंतर चांगलं पाळलं.

२२ जून, मंगळवार

वा. ना.

पीठ जाड निघालं. दगड बसायला वेळ लागतो. मागच्या गल्लीतल्या भूमक्काचे गहू तर रव्यासारखे. परत दळून देतो म्हणालो. ती म्हणाली, "परवालेदु." म्हणजे असू दे, काही हरकत नाही. शाळेत माध्यम मराठीचं तेलुगू झालं तेव्हा मला पहिल्यांदा कळलेला शब्द हाच.

पण हीच भूमक्का आधी पिठात एक गाठ दिसली तरी डबा आपटायची.

सगळीकडे हेच चाललंय. कटिंगच्या दुकानात समोरच्याच्या कानाजवळ ब्लेड लागलं. तो म्हणे, "होते बे, हात सुटला तुहा. बसन हळूहळू." रक्त पुसून परत मान पुढे केली त्याने.

लोक चांगले वागताहेत. मग मला बरं का वाटत नाही, कळत नाही.

२४ जून, गुरुवार

वा. ना.

बाबा संध्याकाळी विचारतात, "डबे हुंगून घेऊन राह्यला ना?" मी हो म्हणतो.

"हुंगल्याबिगर एक बी डबा घेऊ नको. या साली समद्यायनं गोळ्या टाकल्या असतीन."

ते खरं आहे. ज्वारी उन्हाळ्याच्या तोंडाशी घरात आली आणि पुढे आमची गिरणी बंद. घरोघरी किडे झाले. मग किड्यांची गोळी आणून कोठीत टाकायची. ती विषारी असते. धान्य दोन-चार उन्हं खाऊन निघालं तर ठीक, नाही तर तिचा वास राहतो, सडक्या लसणासारखा. तसं दळलं तर पोटात जाणार. बाबांच्या नाकाने असे डबे कितीदा परत पाठवले आहेत. हायवेवरची नवी गिरणी आमच्यापेक्षा लवकर दळते, तरी लोक आमच्याकडे येतात ते या नाकासाठी. डबा ठेवून निर्धास्त निघून जातात.

आता ते नाक मी आहे.

लसणाची पाकळी ठेचून नाकाशी धरली. डोळ्यांना झोंबलं. नाकात काही नाही.

सांगितलं तर लोक हायवेवर जातील. नाही सांगितलं तर

२८ जून, सोमवार

एक मार्ग काढला. विचारायचं, "गोळी टाकली होती का?" सरळ प्रश्न.

पहिली बाई म्हणाली, "तू हुंग ना. काऊन इचारतं?" दुसरी म्हणाली, "मले माहीत नाही बाबू, सासूनं भरली कोठी." वाठोरे सर (शाळेतले, आमच्याच समाजाचे, बाबांचे मित्र) यांना राग आला. "प्रमोद, आमच्या घरी असले प्रकार चालत नाहीत. तुझे बाबा कधी विचारत नव्हते."

हो. बाबा विचारत नव्हते.

पाटी लिहून लावली. कृपया गोळी टाकलेले धान्य दळायला आणू नये. 'कृपया' पुसून पुन्हा नीट लिहिलं. लोक पाटीखाली डबे ठेवतात, वाचत कोणीच नाही. काही जणांना मराठी वाचता येत नाही, हे बरोबर. पण ज्यांना येतं तेही.

वा. ना.

३ जुलै, शनिवार

आज पीठ जळलं.

दगड जास्त आवळले गेले होते. पीठ तापत गेलं आणि मी शेजारीच उभा, पट्ट्याकडे बघत. नेहमी आधी नाकाला कळतं, मग हात घालून बघायचं. नाकाला काही कळलं नाही म्हणून हात घातला नाही. कडुनिंबाखालून पंचफुला मावशी उठून आली.

"अरे, करपून राह्यलं ना."

मी मोटर बंद केली. म्हणालो, "व्होल्टेज कमी-जास्त होऊन राह्यलं, मावशी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हो, होते तसं."

पीठ तिचंच होतं. बदलून देतो म्हणालो, तिने ऐकलं नाही. तसंच घेऊन गेली.

५ जुलै, सोमवार

मावशीला विचारलं, भाकरी कशा झाल्या. जळक्या पिठाची भाकर थापताना चिरते, परातीतून उचलली की तुटते. हे मला माहीत आहे.

"झाल्या."

"तुटल्या नाहीत?"

"डायवर लोकायले भूक असते बाबू. एक जण म्हणे, अम्मा, आज तुकडे करूनच देऊन राह्यली का. म्या म्हनलं, दात पडले ना तुहे, म्हनून." ती हसली.

मी हसलो नाही. चूल इतक्या दिवसांनी पेटली आणि पहिल्याच पंधरवड्यात तुकडे. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं.

वा. ना. आता दगड रोज सैल करून बघतो. पिठाखाली हात सारखा ठेवतो. हाताला उष्णता कळते, एवढं ठीक. पण गोळी हाताला कळत नाही.

९ जुलै, शुक्रवार

काहीतरी चाललंय.

पं. मावशीचं काम संध्याकाळचं. तरी ती सकाळपासून गिरणीत येऊन बसते. बाहेर नाही, आत, डब्यांजवळ. कोणाचाही डबा आला की झाकण काढते. "पाहू दे वं, तुही ज्वारी कशी हाय यंदा." मास्क हनुवटीवर, नाक डब्यात. मग झाकण लावते आणि पायाने डबा माझ्याकडे सरकवते.

बायका हसतात. "मावशे, तुमी कवापासून गिरनीवाल्या झाल्या?"

"तवापासून. घरी बसून काय करू? पंखा बी नाही चालत माह्या घरी."

इथे पंखा नाही. इथे नुसती मोटरची गरम हवा आहे.

तिला कळलंय का? कळलं असेल तर माझ्यावर दया करते आहे की माझ्यावर विश्वास नाही म्हणून पहारा करते आहे? दोन्ही असू शकतं का? विचारावं असं जिभेवर येतं. विचारलं तर कबूल करावं लागेल.

आणि ती मास्क काढून इतक्या घरांच्या डब्यांत नाक घालते, हे बरोबर नाही. मी नुसतं म्हणालो, "मावशी, मास्क." ती म्हणाली, "मास्क लावून वास येते काय रे?"

मी पुढचा डबा ओढला.

१७ जुलै, शनिवार

व्हायचं ते झालं. मावशीने वाठोरे सरांचा डबा बाजूला काढला. माझ्याकडे सरकवलाच नाही. सर स्वतः उभे होते.

सर म्हणाले, "काय झालं?"

"सर, दोन उन्हं द्या याले. मंग आना."

"गिरणी कोणाची आहे, पंचफुलाबाई?" मग माझ्याकडे वळले. "प्रमोद, तू सांग. तुझ्या बाबांच्या जागी तू आहेस."

कडुनिंबाखालचे वळून बघायला लागले. मी मास्क खाली केला, वाकलो, बाबांसारखं झाकण आधी, मग धान्य. जितका वेळ बाबा घेतात तितकाच घेतला. काहीही नव्हतं. रिकामी हवा.

म्हणालो, "वास आहे, सर."

सरांचा चेहरा पडला. त्यांनी डबा उचलला. मला वाटलं हायवेवर जातील. ते घरी गेले.

१८ जुलै, रविवार

सरांच्या घरच्या काकू आईला नळावर भेटल्या. सासऱ्यांनी कोठीत गोळी टाकली होती, सरांना माहीत नव्हतं. आता अंगणात पसरलंय, पण ऊन कुठे आहे. सर म्हणे, पोराने वेळेवर सांगितलं.

पोराने. म्हणजे मी.

मावशीला चुकीचा वास आला असता तरी मी तेच बोललो असतो. तिने "चालते" म्हटलं असतं तर "चालते". मग मी तिथे कशाला आहे? मोटरचं बटण दाबायला.

जयभीम घालायला सर स्वतः थांबले आज रस्त्यात. मी मान खाली घालून जयभीम केला.

२६ जुलै, सोमवार

सकाळी चहा तोंडाशी नेला आणि वास आला.

इतक्या दिवसांनी. पण चहाचा नाही. जळलेल्या रबराचा. आईला विचारलं, काही जळतंय का. नाही म्हणाली. साबणाला तोच वास. फोडणीत कांदा पडला तेव्हा इतका घाण आला की बाहेर जाऊन ओकलो.

सरकारी दवाखान्यात गेलो. नवीन डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या की हे चांगलं लक्षण आहे, पुष्कळांना वास आधी चुकीचा येतो, मग हळूहळू बरोबर येतो. विचारलं, चुकीचा कोणता आणि बरोबर कोणता हे कसं ओळखायचं? त्या म्हणाल्या, "पता चल जाएगा. थोड़ा सब्र रखिए."

सब्र. सगळे ठेवताहेत, मीही ठेवतो. पण डब्यांचं काय.

४ ऑगस्ट, बुधवार

वा. आहे, पण चु. (चुकीचा.)

आज सारखी मोटर बंद केली. जळल्याचा वास येतो, धावत जाऊन पिठात हात घालतो, पीठ थंड. परत चालू. परत वास. परत बंद. डबे तुंबले. कोणी एक शब्द बोललं नाही. भूमक्का सगळ्यात शेवटी होती. तिला म्हणालो, अक्का, उशीर झाला.

"परवालेदु."

मला काय झालं कोणास ठाऊक. म्हणालो, "अक्का, आधी किती भांडत होतीस. आता एकदा तरी रागव ना माझ्यावर. कळेल तरी काय चाललंय."

ती आमच्याशी आपल्या मराठीत बोलते. म्हणाली, "रागवायला घरी लई जन हाये बाबू. मी इथं बसायला येतो. दोन महिना कुठं बसला होता मी? घरात. भिंत बघत." मग डबा पुढे सरकवत, "आता तू रोज तेच पीठ, तेच बंद-चालू करतो तर मला बरा वाटतो. चालू हाये ना गिरनी."

तिचे गहू दळून दिले. तिने पीठ चिमटीत घेऊन पाहिलं, जाड होतं, तसाच डबा उचलला. मग दारातून मागे वळली आणि म्हणाली, "जाडच हाये रे. गधा."

खरंच बरं वाटलं.

८ ऑगस्ट, रविवार

गिरणी बंद. घरी बाबा आणि मी चुलीजवळ बसलो होतो. गावातल्या कापसाचं बोलणं चाललं होतं, कोणाचं उगवलं, कोणाचं दुबार. आई पाण्याला गेली होती. चुलीवर दूध होतं.

मला जळल्याचा वास येत होता. पण मला तर सारखाच येतो. म्हणून मी उठलो नाही.

आई आली, दारातच थांबली. "दोघं बी बसून हा. दूध करपून राह्यलं, पातेलं काळं झालं, आन् दोघं बी बसून हा."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे पाहत होते.

मला वास येत होता आणि मी तो खरा मानला नाही. पण बाबा? ज्यांना रस्त्यापलीकडचं धान्य कळायचं?

आईने पातेलं बाहेर नेलं. आम्ही दोघे तसेच.

९ ऑगस्ट, सोमवार

बाबा आज स्वतः बोलले. मी सायकलला हवा भरत होतो.

"धुळीचं डॉक्टर काही बोलले नव्हते. मीच सांगितलं तुले तसं."

मी पंप मारत राहिलो.

"दवाखान्यातून आलो तवापासून काही येत नाही. वाटलं, गिरणीत गेलो आन् लोकायनं झाकण उघडून डबा पुढं केला, तं काय करू? तुह्या नाकावर टाकून देल्लं मी."

म्हणजे रोज संध्याकाळी "हुंगून घेतलं ना" विचारत होते ते मला तपासायला नव्हतं.

मी सांगितलं. सगळं. आधी काहीच येत नव्हतं, आता चुकीचं येतं. बाबांनी माझ्या हातातून पंप घेतला.

"मंग डबे कोण हुंगते?"

"पंचफुला मावशी."

"तिले सांगितलं तू?"

"नाही."

"तिनं इचारलं?"

"नाही."

"मंग तिले माहीत हाय," बाबा म्हणाले.

राग यायला हवा होता का? त्यांनी मला फसवलं म्हणायचं की मी त्यांना? आई आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "आता दोघायनं मिळून पातेलं घासा."

घासलं. निघालं नाही पूर्ण.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

बाबा गिरणीत आले. सगळे उठून उभे राहिले. "आले का, बरं वाटते का." बाबा स्टुलावर बसले, पिठात हात घालून बघत राहिले. डबा पुढे आला की ते पं. मावशीकडे बघतात. ती हुंगते. मान हलवते. बाबा म्हणतात, "टाक." लोकांना यात काही वेगळं वाटलेलं दिसत नाही.

कोणाला किती माहीत आहे? डोकं दुखतं विचार करून. भूमक्काला विचारणार होतो, हिंमत झाली नाही.

चहा आज रबरासारखा कमी, मातीसारखा जास्त.

१७ ऑगस्ट, मंगळवार

मावशीची चूल चांगली चालली आहे. पूर्वीचे लॉरीवाले परत थांबायला लागले. घरची ज्वारी संपली म्हणून तिने नवीन घेतली, इचोड्याकडच्या कोणा शेतकऱ्याची. उद्या दळायला आणते म्हणाली. शिंकत होती. म्हणाली, पिठानं.

१८ ऑगस्ट, बुधवार

नीट, क्रमाने लिहितो.

मावशीने डबा आणला. स्वतःचाच, म्हणून सरळ माझ्याकडे सरकवला. मी सवयीने वाकलो. आणि वास आला. रबर नाही, माती नाही. लसूण. सडका.

मी परत वास घेतला. परत तेच.

म्हणालो, "मावशी, तुमी पाहा बरं."

तिने नाक घातलं. "काही नाही रे. चांगली हाय."

बाबांनी वास घेतला. त्यांना येत नाहीच, पण घेतला. भूमक्काला बोलावलं. ती म्हणाली, थोडा येते, नाही बी येत. तिच्या हाताला सकाळच्या स्वयंपाकातला लसूण होता, त्यामुळे तिचं काही खरं नाही. मी डबा बाहेर नेऊन वास घेतला, आत आणून घेतला. येतो. पण माझं नाक तर चहात रबर सांगतं. आज लसूण सांगत असेल.

दळलं नाही तर मावशीची चूल आज बंद. लोक इतक्या दिवसांनी परत यायला लागले आहेत, एक दिवस अंधार दिसला तर पुढच्या ढाब्यावर जातील. दळलं आणि वास खरा असला तर तिच्या हातून त्या लोकांच्या पोटात. आणि माझ्यासाठी जिने इतके दिवस डबे हुंगले, तिलाच माझ्या बिघडलेल्या नाकावरून परत पाठवायचं?

सगळे बघत होते. बाबाही.

मी म्हणालो, जरा मोठ्याने, म्हणजे कडुनिंबापर्यंत जाईल असं. "मावशी, मले लसणाचा वास येऊन राह्यला. पण मले आजारपणापासून वास बरोबर येत नाही. बाबालेबी येत नाही. माह्या नाकाचा भरवसा नाही. काय करू सांगा."

वाटलं होतं काहीतरी होईल. कोणीतरी डबा उचलून निघेल.

कोणी चकितसुद्धा झालं नाही. एक बाई तर पान खात होती, ती खातच राहिली. वाठोरे सर खाली बघत होते, जणू मी पाठ म्हणताना अडखळलो आणि त्यांना ते आधीच माहीत होतं.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कधीपासून?

मावशी म्हणाली, "काय करू म्हंजे? पसर."

सरांनी घरून ताडपत्री आणून दिली. ज्वारी अंगणात पसरली. डब्यांची रांग भिंतीकडे सरकवली लोकांनी, माझे चुन्याचे गोल सगळे मोडले. भूमक्काने आपल्या डब्यातली ज्वारी मावशीच्या डब्यात ओतली. "घे. आज तुझा रोट्टे याचा कर." मावशी म्हणाली, "परवालेदु." भूमक्का म्हणाली, "आता तू मला तेलुगू शिकवतो का."

रात्रीसाठी भूमक्काची ज्वारी दळली. पीठ थंड निघालं, हात खाली ठेवूनच होतो.

१९ ऑगस्ट, गुरुवार

ऊन नाही. ताडपत्री सारखी ओढून आत, सारखी बाहेर. चिमण्या.

मावशी दुपारी आली नाही. सर्दी म्हणून पडून आहे, असं तिच्या शेजारणीने सांगितलं.

काल तिला वास आला नाही. ज्वारीला वास नव्हता म्हणून की

हे काल का सुचलं नाही मला.

२० ऑगस्ट, शुक्रवार

तिच्या घरी गेलो. दारात उभा राहिलो, आत नाही. ती बाजेवर बसून होती, ताप नाही म्हणाली. विचारलं, "मावशी, चहाचा वास येते?"

"नाक बंद हाय सर्दीनं. सर्दीत कोणाले येते?"

"सर्दीच्या आधी? परवा?"

"परवा काय मी चहाकडं ध्यान देल्लं? तू बी ना."

म्हणालो, कोरोनाची चाचणी करून घेऊ, सरकारी दवाखान्यात सकाळी करतात. ती म्हणाली, उद्या पाहू. मी म्हणालो, पाहू नाही, जाऊ. तोपर्यंत चूल पेटवायची नाही. वाटलं बोलेल, तुह्यामुळं. इतक्या डब्यांत नाक घातलं तुह्यामुळं. ती म्हणाली, "डायवर लोक इचारतीन."

म्हणालो, मी चौरस्त्यावर उभा राहून सांगतो.

संध्याकाळी उभा राहिलो. थोड्या लॉऱ्या थांबल्या. मावशी आजारी आहे, दोन-चार दिवसांनी या, असं हिंदीत, तेलुगूत सांगितलं. एक ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा को बोलना, टुकड़े भी चलेंगे." आणि पुढे गेला. परत येईल की नाही माहीत नाही.

२१ ऑगस्ट, शनिवार

दवाखान्यात गेलो. मास्तर लोकांच्या लसीची गर्दी होती, म्हणून मावशीची चाचणी सोमवारवर गेली. ती म्हणाली, आता सर्दीच उतरली, काय करायची चाचणी. नाक मोकळं दिसत होतं. करायचीच, म्हणालो. हो म्हणाली.

आज ऊन चांगलं पडलं. ज्वारी परतून परतून दिली. बाबा काठी घेऊन चिमण्यांना बसले. दुपारनंतर डब्यात भरली आणि मी वास घेतला. येतो. थोडा. पहिल्यापेक्षा कमी असा वाटतो, की मला कमी हवा आहे म्हणून कमी, सांगता येत नाही.

मावशी अंगणाच्या कडेला, लांब, दगडावर बसली होती. म्हणाली, "आणू का नाक?"

मी घरून लसूण नेला होता, खिशात. पाकळी ठेचली, तिच्यापुढच्या दुसऱ्या दगडावर ठेवली आणि मागे सरलो. तिने उचलली. मास्क खाली करून नाकाशी धरली. डोळे मिटले. मला वाटलं चटकन सांगेल. ती तशीच बसून राहिली. बाबांनी काठी खाली ठेवली. ताडपत्रीवर उरलेल्या दाण्यांवर चिमण्या उतरल्या, कोणी हाकलल्या नाहीत.

मग तिने पाकळी परत दगडावर ठेवली आणि ती लांब सरकून बसली.

"तू घे आधी," म्हणाली. "तुले कसा येऊन राह्यला, ते सांग. मंग मी माहं सांगतो."

मी पाकळी उचलली.